घरच्या संगणकासाठी फ्रीबीएसडी की ओपनबीएसडी? मराठी मजकुराचे काम आणि वारंवार जाणारी वीज लक्षात घेऊन सल्ला हवा आहे

मुद्रितवाचक (प्रश्न)

नमस्कार. मी मिरजेत राहते आणि मराठी पुस्तकांच्या मुद्रितशोधनाचे व संपादनाचे काम घरून करते. माझ्या संगणकावर बऱ्याच वर्षांपासून लिनक्स आहे आणि त्यावर काम अडत नाही. तरीही दर थोड्या काळाने त्यातला एखादा मूलभूत भाग बदललेला आढळतो. आवाजाची व्यवस्था बदलते, सेवा सुरू-बंद करण्याची रीत बदलते, आणि ज्या सूचना वाचून मी शिकले त्या लागू पडेनाशा होतात. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशा बीएसडी कुळातील प्रणालींमध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा), मूलभूत आज्ञा आणि त्यांची मॅन पाने (संगणकावरच वाचता येणारी माहितीपाने) एकाच गटाकडून, एकाच ठिकाणी सांभाळली जातात असे वाचले, तेव्हापासून घरच्या संगणकावर तशी प्रणाली ठेवावी असा विचार मनात आहे.

संगणक असा आहे: चौथ्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, त्यातलेच अंगभूत ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, २५० जीबीची एसएसडी आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क. राउटर पुढच्या खोलीत असल्यामुळे इंटरनेट वाय-फायच्या यूएसबी डोंगलवरून घेते. रोजचे काम लिबरऑफिस, पीडीएफवरील टिपा आणि फायरफॉक्स एवढ्यातच असते. टंकलेखन इन्स्क्रिप्ट पद्धतीने करते. छापखान्यांकडून आणि प्रकाशकांकडून पेनड्राइव्ह येतात व त्यांतील फायलींची नावे बहुतेक वेळा मराठीत असतात.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधीही जाते. घरात इन्व्हर्टर आहे, परंतु संगणक त्यावर जोडलेला नाही. संपादित हस्तलिखिते सुरक्षित राहणे ही माझी पहिली गरज आहे आणि तिच्यापुढे बाकीच्या सोयी दुय्यम आहेत. यजमानांच्या छोट्या कंपनीची कागदपत्रे दाखल करण्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन अधूनमधून याच संगणकाला लावावा लागतो, त्याचे काय होईल याचीही काळजी आहे. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी यांपैकी माझ्या कामाला काय योग्य ठरेल, आणि काय चालणार नाही हे आधीच स्पष्ट सांगितल्यास मी ऋणी राहीन.

कृष्णाकाठ

आपली पहिली गरज हस्तलिखितांच्या सुरक्षिततेची आहे, म्हणून उत्तराची सुरुवात फाइल प्रणालीपासून, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीपासून, करतो. माझ्या मते येथेच निवड ठरते आणि ती फ्रीबीएसडीच्या बाजूने ठरते.

वीज अचानक गेली की धोका कशात असतो ते पाहू. फाइल जतन करताना डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जात नाही. मजकूर, तो कोठे आहे याची नोंद, आणि मोकळ्या जागेची नोंद अशा अनेक गोष्टी लिहाव्या लागतात, आणि वीज यांच्या मध्येच गेली तर काही नोंदी नव्या व काही जुन्या राहतात. ओपनबीएसडीची एफएफएस ही फाइल प्रणाली जुनी आणि भरवशाची आहे, परंतु तिच्यात जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही, नाही. त्यामुळे अशा प्रसंगानंतर सुरू होताना एफएससीके या आज्ञेने डिस्क तपासली जाते, आणि क्वचित ही तपासणी स्वतःहून पूर्ण न होता एकल-वापरकर्ता अवस्थेत, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या सुरू झालेल्या प्रणालीत, आपल्याला बसून ती पुरी करावी लागते. फ्रीबीएसडीत झेडएफएस ही फाइल प्रणाली २००८ साली आलेल्या ७.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि इंस्टॉलर आज तिच्यावर सगळी मांडणी आपोआप करून देतो. झेडएफएस वापरात असलेल्या जागेवर पुन्हा लिहीत नाही. बदललेला मजकूर ती मोकळ्या जागी लिहिते आणि सर्व काही लिहून झाल्यावरच मुळाशी असलेली एक नोंद नव्याकडे वळवते. वीज गेली तर आपल्याला आधीची पूर्ण अवस्था मिळते किंवा नंतरची पूर्ण अवस्था मिळते, अर्धवट अवस्था उरत नाही. शेवटच्या काही सेकंदांत टंकलेले वाक्य मात्र कोणतीही फाइल प्रणाली परत आणू शकणार नाही, म्हणून लिबरऑफिसमधील स्वयंजतनाचा अवधी कमी ठेवावा आणि शक्य असेल तर लहानसा यूपीएस घ्यावा. यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या पुष्कळ यूपीएसना नट हे सॉफ्टवेअर ओळखते, त्यामुळे बॅटरी संपत आली की संगणक स्वतःहून व्यवस्थित बंद होतो.

आपल्याकडे दोन डिस्का आहेत, त्यांची मांडणी अशी करावी. एसएसडीवर प्रणाली व चालू काम ठेवावे, आणि हार्ड डिस्कवर दुसरा स्वतंत्र पूल, म्हणजे झेडएफएसचा जागेचा साठा, करावा. एसएसडी आणि हार्ड डिस्क यांचा आरसा, म्हणजे मिरर, करण्याचा मोह होतो, परंतु त्यात लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कएवढाच राहतो आणि जागाही लहान डिस्कएवढीच मिळते. त्यापेक्षा हस्तलिखितांसाठी वेगळा डेटासेट (पुलातील स्वतंत्र विभाग) करावा, त्याचे दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) घ्यावेत आणि रोज रात्री झेडएफएस सेंड या आज्ञेने फक्त बदललेला भाग हार्ड डिस्कवरील पुलात पाठवावा. स्नॅपशॉट घेण्यास क्षणभर लागतो आणि जो मजकूर बदलला तेवढीच जागा तो अडवतो. प्रकरण सातवे चुकून दुसऱ्याच मजकुरावर जतन झाले, तर डेटासेटच्या मुळाशी असलेल्या डॉट झेडएफएस या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन सकाळची प्रत नेहमीच्या फायलीसारखी उचलून आणता येते. स्नॅपशॉट घेण्याचे आणि जुने काढून टाकण्याचे वेळापत्रक सांभाळण्यासाठी सॅनॉइड हे पॅकेज आहे. माझ्या घरी तेच आहे आणि त्याच्याकडे वारंवार लक्ष द्यावे लागत नाही.

एक गोष्ट येथे नीट समजून घ्यावी, कारण झेडएफएसविषयी लिहिताना ती पुष्कळदा राहून जाते. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची तपासबेरीज ठेवते, त्यामुळे डिस्कवर मजकूर बिघडला तर ते तिला कळते आणि कोणती फाइल बिघडली तिचे नावही ती सांगते. परंतु एकाच डिस्कवर एकच प्रत असेल तर ती दुरुस्त कशावरून करणार? यासाठी हस्तलिखितांच्या डेटासेटवर कॉपीज हा गुणधर्म दोन असा ठेवता येतो, म्हणजे प्रत्येक ब्लॉक त्याच डिस्कवर दोन ठिकाणी लिहिला जातो. मजकूर छोटा असतो, जागा फारशी जात नाही. हा गुणधर्म लावल्यानंतर लिहिलेल्या मजकुरालाच तो लागू होतो, म्हणून फायली टाकण्याआधीच लावावा. संपूर्ण डिस्क गेली तर मात्र त्याचा उपयोग नाही, तेव्हा दुसऱ्या डिस्कवरील प्रत आणि घराबाहेर ठेवलेली तिसरी प्रत हव्याच.

८ जीबी रॅम पुरेशी आहे. झेडएफएस वाचनाचा साठा रॅममध्ये ठेवते आणि रॅमचा मोठा भाग व्यापलेला दिसतो. मागणी आल्यावर ती तो सोडते, तरी फायरफॉक्स आणि लिबरऑफिस एकत्र चालवताना या साठ्याला २ जीबीची मर्यादा घातल्यास संगणक अधिक मोकळा वाटतो.

दीपमाळ

कृष्णाकाठ यांनी वीज आणि फाइल प्रणाली यांविषयी लिहिले आहे ते बरोबर आहे, आणि त्या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. परंतु मी घरी ओपनबीएसडी वापरतो आणि मुद्रितवाचक यांनी बदल नको असण्याचे जे कारण दिले आहे, त्याला ही प्रणाली जितकी उतरते तितकी दुसरी कोणतीही उतरत नाही, असे माझे मत आहे. म्हणून तिची बाजू मांडतो.

१९९५ साली थिओ डी राट यांनी नेटबीएसडीपासून वेगळे होऊन हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून साधारण दर सहा महिन्यांनी, बहुधा मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. नव्या आवृत्तीवर जाण्यासाठी सिसअपग्रेड आणि मधल्या काळातील दुरुस्त्यांसाठी सिसपॅच अशा दोनच आज्ञा पुरतात. खिडक्यांची ग्राफिक व्यवस्था मूळ प्रणालीचाच भाग आहे, इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि लागणारे फर्मवेअर (उपकरणात चढवायचे छोटे सॉफ्टवेअर) पहिल्यांदा सुरू होताना आपोआप उतरवले जाते. इंस्टॉलर विचारतो त्या थोड्या प्रश्नांची उत्तरे दिली की पहिल्याच सुरुवातीला चित्रमय पडदा समोर येतो. फ्रीबीएसडीत हे सर्व पॅकेजांतून स्वतः बसवावे लागते.

दस्तऐवजांचा मुद्दा त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा दिसतो. येथे मॅन पानातील चूक ही प्रोग्रॅममधील चुकीइतकीच गंभीर मानली जाते. ती पाने संगणकावरच असल्यामुळे इंटरनेट बंद असतानाही हाताशी राहतात. अनेक पानांच्या शेवटी चालण्याजोगी उदाहरणे असतात. मी शिकलो तो याच पानांवरून, आणि तेव्हा शिकलेले आजही लागू पडते.

नव्याला दोन ठिकाणी अडखळायला होते. पहिले असे, की फायरफॉक्स आणि क्रोमियम यांना येथे प्लेज व अनव्हेल या दोन व्यवस्थांनी बांधून ठेवलेले आहे, त्यामुळे ब्राउझरला आपल्या घरच्या फोल्डरमधील डाउनलोड्स सोडून जवळजवळ काही दिसत नाही. प्रकाशकाला ईमेलने फाइल पाठवायची असेल तर ती आधी डाउनलोड्समध्ये आणावी लागते. सुरुवातीला हे गैरसोयीचे वाटते, परंतु एखाद्या दुष्ट संकेतस्थळाने ब्राउझर ताब्यात घेतला तरी आपली हस्तलिखिते त्याच्या नजरेस पडत नाहीत, हा लाभ संपादकासाठी मोठा आहे. दुसरे असे, की एका वापरकर्त्याच्या प्रक्रियांना मिळणाऱ्या स्मृतीवर मुळात कमी मर्यादा असते, आणि ती लॉगिन डॉट कॉन्फ या फायलीत वाढवली नाही तर अनेक टॅब उघडल्यावर ब्राउझर अचानक बंद पडतो. मायक्रोफोन आणि कॅमेरा यांवरून रेकॉर्डिंग मुळात बंद असते, ऑनलाइन बैठकीपूर्वी ते चालू करावे लागते.

न चालणाऱ्या गोष्टीही सांगतो. ब्लूटूथ नाही, तो भाग २०१४ साली काढून टाकण्यात आला. लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय ६.० या आवृत्तीपासून नाही. ज्या चित्रपट-मालिकांच्या सेवा नक्कल रोखणारा बंदिस्त वाइडवाइन घटक मागतात, त्या येथे चालत नाहीत. घरात दुसरा संगणक किंवा यूपीएस असता तर मी निःशंकपणे ओपनबीएसडी सुचवली असती.

तळटीप

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण मराठी मजकुराविषयी कोणी लिहिलेले नाही, आणि मुद्रितवाचक यांच्या दिवसाचा बहुतेक वेळ त्यातच जाणार आहे. मी स्वतः फ्रीबीएसडीवर मराठी लेखन करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांत देवनागरीची जोडणी हार्फबझ हे सॉफ्टवेअर-ग्रंथालय (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार भाग) करते, आणि तेच लिनक्सवरही करते. त्यामुळे जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांत काहीही फरक पडणार नाही. नोटो टंक पॅकेजांत मिळतात. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला शोभिका किंवा एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता असे मुक्त परवान्याचे टंक स्वतः उतरवून आपल्या टंकांच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि एफसी-कॅशे ही आज्ञा चालवली की पुरते. दस्तऐवजाची भाषा मराठी अशी निवडायला विसरू नये. चांगल्या टंकांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात व भाषा मराठी असेल तरच ते आपोआप येतात. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाची अक्षरे उमटतात आणि मुद्रितशोधकाच्या डोळ्याला ती लगेच खुपतात.

इन्स्क्रिप्टसाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. एक्स या खिडक्यांच्या ग्राफिक प्रणालीच्या कळफलकांच्या संचात भारतीय कळफलक आहेत आणि सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने इंग्रजी व देवनागरी यांत एका कळीने जा-ये करता येते. हा संच ओपनबीएसडीच्या मूळ प्रणालीतही आहे. ज्यांना रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवायची आहे त्यांनी फ्रीबीएसडीवर आयबस ही टंकलेखनाची व्यवस्था आणि तिचे एम-सतरा-एन हे पॅकेज घ्यावे.

देवनागरी जेथे नीट दिसत नाही अशी जागा म्हणजे काळा पडदा. ग्राफिक व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच्या कन्सोलवर देवनागरीची जोडणी होत नाही, आणि एक्सटर्म या जुन्या टर्मिनलमध्येही वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. फाइल सुरक्षितच असते, फक्त तिचे नाव वाचता येत नाही. मी केडीईचे कॉन्सोल हे टर्मिनल वापरते, त्यात वाचण्याजोगे दिसते. बचाव-अवस्थेत कधी काम करावे लागले तर नाव टंकता यावे म्हणून मुख्य फोल्डरांची नावे रोमन अक्षरांत ठेवावीत आणि आतील फायली खुशाल मराठी नावांच्या असाव्यात.

पेनड्राइव्हची अडचण मात्र खरी आहे आणि ती कोणीही आधी सांगत नाही. छापखान्यांतून येणारे बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ असतात. फ्रीबीएसडी ते मूळ प्रणालीतूनच वाचते, परंतु लोकेल (भाषा व अक्षरसंच) सांगितले नाही तर फायलींची नावे युरोपीय अक्षरसंचातली आहेत असे गृहीत धरते, आणि मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. अशा फायली उघडतही नाहीत. माउंट करताना, म्हणजे पेनड्राइव्ह प्रणालीला जोडताना, मोठा एल (-L) हा पर्याय देऊन यूटीएफ-८ लोकेल सांगितले की नावे जशीच्या तशी दिसतात. ही आज्ञा एकदा छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावी. एक्सफॅट आणि एनटीएफएस या पद्धतींचे पेनड्राइव्ह वाचण्यासाठी फ्यूजवर (कर्नलबाहेरून फाइल प्रणाली चालवण्याच्या सोयीवर) चालणारी वेगळी पॅकेजे घ्यावी लागतात.

जुन्या श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड टंकांत जुळवलेल्या फायली येत असतील, तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर पाठवणाऱ्याकडूनच करून घ्यावे, हे मी लिनक्सच्या काळापासून करत आले आहे.

मुद्रितवाचक

तिघांचेही मनापासून आभार. पेनड्राइव्हची गोष्ट तर मला कधीच सुचली नसती. आपल्या उत्तरांवरून आणि विजेच्या परिस्थितीवरून फ्रीबीएसडी व झेडएफएस असा निर्णय मनाशी होत आहे. दीपमाळ यांनी लिहिलेली ब्राउझरची बंदिस्त रचना मला फार आवडली, आणि पुढे जुना लॅपटॉप मोकळा झाला की त्यावर ओपनबीएसडी ठेवून पाहण्याची इच्छा आहे.

आता तीन शंका उरल्या आहेत. फ्रीबीएसडीत ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि नव्या आवृत्तीवर गेल्यावर पडदा काळा राहतो, अशा तक्रारी वाचल्या. त्या कितपत खऱ्या आहेत? वाय-फायचा डोंगल चालेल की नाही हे आधी कसे ओळखावे? आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

खग्रास

ग्राफिक्सच्या तक्रारी खऱ्या आहेत, परंतु त्यामागचे कारण कळले की त्यांची भीती उरत नाही. इंटेल व एएमडी यांचे ड्रायव्हर लिनक्समधून आणून डीआरएम-केमॉड या पॅकेजात ठेवलेले आहेत. फ्रीबीएसडीची पॅकेजे, एका मुख्य आवृत्तीच्या ज्या उपआवृत्त्यांना पाठिंबा चालू आहे त्यांपैकी सर्वांत जुनीवर तयार केली जातात. साध्या प्रोग्रॅमांना त्याने काही होत नाही. कर्नलमध्ये घुसणाऱ्या ड्रायव्हरला मात्र नेमका तोच कर्नल लागतो. म्हणून नवी उपआवृत्ती आल्यावर जुनीचा पाठिंबा संपेपर्यंतच्या काही महिन्यांत पडदा काळा राहण्याचे प्रसंग येत असत. फ्रीबीएसडी १४.२ च्या सुमारास अशा ड्रायव्हरांसाठी प्रत्येक उपआवृत्तीचे स्वतंत्र पॅकेज-भांडार सुरू झाल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. ते भांडार चालू आहे की नाही एवढे आवृत्ती बदलण्याआधी पाहून घ्यावे.

झेडएफएस घेतल्यावर यातही मोठा आधार मिळतो. अलीकडच्या आवृत्त्यांत फ्रीबीएसडी-अपडेट ही आज्ञा बदल करण्याआधी संपूर्ण प्रणालीची बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सुरू करता येण्याजोगी जुनी प्रत, स्वतःहून राखून ठेवते. पडदा काळा राहिला तर संगणक पुन्हा सुरू करावा, पहिल्या मेन्यूत जुनी प्रत निवडावी, आणि कालचा चालता संगणक परत मिळतो. माझ्या माहितीतल्या ज्या लोकांनी घरचा संगणक फ्रीबीएसडीवर टिकवून ठेवला, त्यांनी बहुतेक याच सोयीच्या जोरावर तो टिकवला. हस्तलिखितांचा डेटासेट या प्रतीच्या बाहेर राहतो, त्यामुळे मागे गेल्याने लेखन मागे जात नाही.

आपल्या चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला डीआरएम-केमॉड नीट ओळखते. ड्रायव्हर बसवल्यावर आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फायलीत आय-नऊशे-पंधरा-केएमएस या मॉड्यूलचे नाव घालावे आणि स्वतःचे खाते व्हिडिओ या गटात टाकावे. ही दुसरी गोष्ट राहिली तर पडदा दिसतो पण सर्व हालचाल जड वाटते, आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो.

वाय-फायविषयी माझा सल्ला वेगळा आहे. डोंगलच्या खोक्यावरचे नाव पाहून काही कळत नाही, कारण एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगळी चिप असते. सध्याच्या लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा चालवून चिपचा क्रमांक पाहावा आणि तो फ्रीबीएसडीच्या आरटीडब्ल्यूएन या मॅन पानावरील यादीत आहे का ते ताडून पाहावे. ८१८८ आणि ८१९२ मालिकांतील कित्येक जुन्या रिअलटेक चिपा तेथे आहेत. तरीही टेबलावर ठेवून वापरायच्या संगणकाला तार मिळत असेल तर तारच घ्यावी. राउटरपर्यंत तार ओढणे शक्य नसेल, तर घरातील जुना राउटर क्लायंट पद्धतीवर, म्हणजे मुख्य राउटरचे वाय-फाय घेणारा म्हणून, लावून संगणकाशेजारी ठेवावा आणि त्यातून आखूड तार संगणकाला द्यावी. मग वाय-फायचा सगळा भार त्या राउटरवर पडतो आणि संगणकाला तारेखेरीज काही दिसत नाही. मी अनेक घरांत हीच व्यवस्था करून दिली आहे, आणि ती केल्यावर वाय-फायचा प्रश्न पुन्हा निघत नाही. बसवण्याच्या दिवशी इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावे. यूआरएनडीआयएस हा ड्रायव्हर पुष्कळ फोनांना नेटवर्क कार्डासारखे ओळखतो, आणि तेवढ्यावर सर्व पॅकेजे उतरवता येतात.

काही पुसण्याआधी नोमॅडबीएसडी ही फ्रीबीएसडीवर आधारलेली प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून तिच्यावरून संगणक सुरू करून पाहावा. तिच्यात पडदा, आवाज, नेटवर्क चालले तर आपल्या यंत्रावर फ्रीबीएसडी चालणार हे बहुतेक ठरले. त्यासाठी संगणकाच्या बायोस सेटिंगमध्ये सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद करावे लागेल.

कृष्णाकाठ

टोकनविषयी माझे उत्तर नकारात्मक आहे, आणि ते आताच स्पष्ट सांगणे बरे. अशा टोकनांबरोबर मिळणारे आणि शासकीय संकेतस्थळे उतरवून घ्यायला सांगतात ते स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेले असते. बीएसडीसाठी ते दिले जात नाही. फ्रीबीएसडीतील बीहाइव्ह या आभासी यंत्रात विंडोज बसवता येते, परंतु बीहाइव्ह सुटे यूएसबी उपकरण आत देऊ शकत नाही. त्यासाठी यूएसबीच्या जागा चालवणारा पूर्ण पीसीआय नियंत्रकच आत सोपवावा लागतो, आणि अधूनमधून लागणाऱ्या एका स्वाक्षरीसाठी एवढी मांडणी करू नये. यजमानांचे ते काम विंडोज असलेल्या दुसऱ्या संगणकावर, किंवा त्यांच्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात व्हावे. आपले स्वतःचे आयकर विवरणपत्र आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने पडताळता येत असेल, तर ते फायरफॉक्समधूनच होते, तेथे टोकनचा संबंध येत नाही.

पॅकेजांविषयीही एक सूचना करतो. फ्रीबीएसडीची पॅकेजे दोन प्रवाहांत मिळतात, एक दर तिमाहीला गोठवलेला आणि एक सतत पुढे जाणारा. मुळात तिमाही प्रवाह निवडलेला असतो. सुरक्षा-दुरुस्त्या त्यातही येतात, आणि एखादे पुस्तक हातात असताना लिबरऑफिसची आवृत्ती मध्येच बदलू नये असे वाटत असेल तर तोच राहू द्यावा.

दीपमाळ

छपाईविषयी प्रश्नात काही नव्हते, परंतु मुद्रितशोधन करणाऱ्या घरात प्रिंटर असणारच, म्हणून सांगतो. छपाईसाठी कप्स ही व्यवस्था दोन्ही प्रणालींत पॅकेज म्हणून मिळते. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा समजणारे, किंवा नेटवर्कवरून आयपीपी या छपाईच्या ठरलेल्या पद्धतीने बोलणारे प्रिंटर चालतात. एचपीच्या अनेक प्रिंटरांसाठी एचपीलिप आहे. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या कार्यालयांत सर्रास दिसणारे काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र स्वतःची बंदिस्त भाषा वापरतात आणि त्यांचे ड्रायव्हर फक्त विंडोज व लिनक्ससाठी दिले जातात. आपला प्रिंटर त्यांपैकी असेल तर पीडीएफ दुसऱ्या संगणकावरून छापावी लागेल. त्याचे मॉडेल येथे लिहिल्यास तो कोणत्या प्रकारात मोडतो हे मी पाहून सांगतो.

आणि लॅपटॉप मोकळा झाल्यावर ओपनबीएसडी बसवाल तेव्हा डिस्कचे विभाग इंस्टॉलरने सुचवलेलेच ठेवावेत, फक्त पॅकेजे जातात तो विभाग पुरेसा मोठा आहे का ते पाहावे, कारण लिबरऑफिस आणि दोन ब्राउझर त्यात बरीच जागा घेतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे वीज जाण्याचा जो मुद्दा येथे फ्रीबीएसडीच्या बाजूने निर्णायक ठरला, तो तेथे फारसा उरत नाही.

मुद्रितवाचक

प्रिंटर नेटवर्कवरचा आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात पोस्टस्क्रिप्टचा उल्लेख आहे, म्हणजे तो चालावा. लिनक्सवर चिपचा क्रमांक पाहिला, डोंगल ८१८८ मालिकेतील निघाला. तरीही खग्रास यांनी सांगितल्याप्रमाणे जुना राउटर शेजारी ठेवून तारच घेणार आहे. टोकनचे काम यजमान लेखापालांकडे नेण्यास तयार आहेत. सध्या हातात असलेले पुस्तक छपाईला गेल्यावर नोमॅडबीएसडीवरून चाचणी घेते आणि आवाज व पडदा यांचा अनुभव येथेच लिहिते. तोवर हस्तलिखितांचे फोल्डर रोमन नावांनी लावून घेत आहे.